कव्हर काढलंय, तुम्हाला न विचारता

फाट्यावर तुमचा फ्लेक्स लागलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली मित्रमंडळींच्या फोटोंची रांग आणि मधोमध तुम्ही, गाडीवर बसलेले, डोळ्यांवर गॉगल. गॉगल तुमच्या धाकट्या भावाचा, संदीप भावजींचा आहे, हे त्यांना आणि मलाच ठाऊक. फोटो गेल्या वर्षीच्या दसऱ्याचा. गाडीला झेंडूचा हार आहे, आणि इंजिनाखालचं ते लाल प्लास्टिकचं कव्हर असं चमकतंय, की बघणाऱ्याची नजर तुमच्या तोंडाआधी तिथंच जाते. चमकणारच. त्या दिवशी सकाळी अंगणात उकिडवं बसून मी ते घासलं होतं. आता लोक फ्लेक्सपुढं थांबतात, हळहळतात आणि म्हणतात, "गाडी कसली ठेवली हुती गड्यानं!" ठेवली कुणी होती, ते फ्लेक्सवर कुणी लिहीत नाही.

तुम्ही जाऊन महिना होत आला. तेराव्यापर्यंत रडायचं काम होतं, ते मी सगळ्यांचं समाधान होईपर्यंत केलं. आता मला भांडायचंय. आपलं भांडण तुम्ही अर्धं टाकून गेलात, आणि समोरचा माणूस उठून गेला म्हणून काही माझं बोलणं संपलेलं नाही.

भांडण काय, तर गाडीच्या इंजिनाखालचं कव्हर काढायचं की ठेवायचं. परक्याला हसू येईल. पण आपल्या घरात दर पावसाळ्यात त्यावरून तोंडं फिरायची. आपल्या वाडीवरून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत सगळा भाताच्या खाचरांचा चिखल. तो उडून कव्हर आणि इंजिन यांच्या मधे जाऊन बसतो, वरून इंजिनाची धग लागते आणि त्याची वीट होते. ती वीट खुरप्याच्या टोकानं नि जुन्या टूथब्रशनं उकरायची मी. हात आत जात नाही, बोटं सोलवटतात. आणि कुठून तेल गळत असेल तर ते त्या कव्हरातच साठतं, खाली थेंब पडत नाही, म्हणजे कळायला मार्ग नाही. मी किती वेळा सांगितलं.

"शोरूममधनं जशी आली तशीच ऱ्हायला पायजे," तुम्ही म्हणायचात. "खालनं दगड लागला तर?"

"अवो, पिलास्टिक त्ये. दगडाला काय अडवतंय? काढून टाका ना."

"चालवतो कोन?"

"आन् धुती कोन?"

मग तुम्ही टॉवेल खांद्यावर टाकून मोरीत निघून जायचात. तुमची हीच रीत. उत्तर नसलं की अंघोळ.

खळ्यावरचा तो दिवस आठवतो का? बैल विकल्यापासून नाचणीची मळणी आपण गाडीनंच करायचो. कणसं पसरायची आणि त्यावर तुम्ही गोल गोल गाडी फिरवायची, मी कडेनं दाताळ्यानं कणसं आत सारायची. त्या वर्षी फिरता फिरता कव्हराच्या मागनं धूर यायला लागला. काड नि भुसा आत अडकला होता आणि तापलेल्या नळीला चिकटून धुमसत होता. तुम्हाला पत्ता नाही, तुम्ही आपले गाणं म्हणत फिरताय. मी ओरडले, तुम्हाला वाटलं मी नाचायला लागले. शेवटी मी पाण्याचा हंडा उचलला आणि तुमच्या पायांसकट गाडीवर ओतला.

"आगं म्हशीवानी काय पानी वततीस! इंजिन तडकंल की!"

"आन् खळं पेटलं असतं म्हंजी?"

सगळी वाडी हसली. तुम्हीही हसलात, ओल्या पँटीनं खळ्यातच बसून. मी म्हटलं, आता तरी हे काढणार ना? तुम्ही काडीनं भुसा कोरून काढत बसलात आणि म्हणालात, बघू. तुमचं 'बघू' म्हणजे काय ते मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

खरं कारण तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत. ते मला माझ्या वहिनीकडून कळलं. एका पावसाळ्यात पिरंगुटच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं आणि तुम्ही कव्हर काढलंतही होतं. ती एकच वेळ. घरी आणून माळ्यावर ठेवलं होतंत, मी मनातल्या मनात पेढे वाटले होते. मग भाऊबीज आली. आपण तसेच नेऱ्याला माझ्या माहेरी गेलो. माझ्या भावांच्या शेतात आता इमारती उभ्या आहेत, दारात चारचाकी आहे. मी आत ओवाळणीचं ताट तयार करत होते, आणि बाहेर माझा धाकटा भाऊ महेश तुमच्या गाडीभोवती फेरी मारून म्हणाला, "दाजी, गाडीची चड्डी कुटं इसारला?" सगळे हसले. वहिनी म्हणाली, दाजीपण हसले.

परत येताना घोटवड्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं जेवण जास्त झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर माळा रिकामा आणि कव्हर गाडीला. त्या दिवसापासून ते गाडीचं राहिलं नाही, तुमच्या अब्रूचं झालं. अहो, मला सांगितलं असतंत तर मी महेशला त्याच्या चारचाकीसकट सुनावलं असतं. पण तुम्ही गिळलंत. अपमान गिळला, ताप गिळला. बाहेरून सगळं झकपक पाहिजे, मग आत काय का साठेना.

हे लिहिते आहे खरी, पण मधेच तुमचा दुसरा चेहरा समोर येतो आणि राग धरून ठेवायला त्रास होतो. धरणाकडच्या रस्त्यावर तुम्ही मला गाडी शिकवलीत तो उन्हाळा. वाडीत कुणाच्या बायकोनं गिअरची गाडी हातात घेतली नव्हती. स्कूटी ठीक, ही नाही. तुम्ही मागं बसायचात आणि माझ्या कानाशी ओरडायचात, "क्लच हळू सोड, म्हशीचं दावं सोडल्यावानी न्हाई!" मी दोनदा पाडली. एकदा तर थेट करवंदीच्या जाळीत. पारावरचे दात काढत होते. एकानं विचारलंच, "दत्ता, बायकुला काय रेसला पाठवतुयास?" तुम्ही म्हणालात, "माजी बायकु, माजी गाडी. चालवील न्हाईतर पाडील, तुमचं काय जातंय?" इतकं माझ्या बाजूनं आयुष्यात कुणी बोललेलं नाही. आईबापसुद्धा नाही. तेवढ्यासाठी मी तुमचं पुढं बरंच सोसलं, आणि ते मला आवडून सोसलं, हेही लिहून ठेवते.

पण पुढचं सोडणार नाही.

ह्या श्रावणात ओढ्याच्या फरशीवरून येताना खाली दगड लागला आणि कव्हराचा डावीकडचा मागचा कान, जिथं बोल्ट बसतो तो, तुटला. खाली लोंबायला लागलं. तुम्ही बांधायची तार घेतलीत आणि पकडीनं पिळून ते परत वर बांधलंत. प्लास्टिक जिथं तुटलं होतं ती कड बाहेर आली, तुमच्या पायाच्या बाजूला. मी धुताना बघितली. म्हटलं, आता तरी काढा, मोडलंय ते.

"भाऊबीज हुंदे. नेऱ्याला जाऊन आलू की काढू. तूच काढ तुज्या हातानं, मग तर झालं?"

मी खूश झाले. एवढ्या वर्षांचं भांडण जिंकलं म्हणून त्या दिवशी तुमच्या आवडीचं काळ्या वाटाण्याचं कालवण केलं. 

गणपतीच्या सुमाराला तुम्ही मोरीचं दार लावून पाय धुवायला लागलात. घरातही मोजे. मी विचारलं तर म्हणालात, चिखल्या झाल्यात. लावणीनंतर कुणाच्या पायाला चिखल्या होत नाहीत? माझ्याही होत्या. आपल्याकडं भाद्रपदात माणूस लंगडला तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही. मी मेंदीचा पाला वाटला, माझ्या बोटांच्या बेचक्यांना लावला आणि वाटीत घालून तुम्हाला मोरीच्या दारातून दिला. तुम्ही वाटी आत घेतलीत. रिकामी बाहेर दिलीत. त्या पाल्याचं काय केलंत, मोरीत ओतलात का? वास यायला लागला तेव्हा म्हणालात, कंपनीच्या बुटांचा वास आहे, दिवसभर पाय आत कोंडतात. मी बूट उन्हात ठेवले. तुमचे बूट मी उन्हात ठेवत होते आणि तुम्ही ओसरीवर बसून बघत होतात. तेव्हाही तोंड उघडलं नाहीत.

नवरात्रात हुडहुडी भरली. भावजींनी जीपमधून पौडला नेलं, तिथून पुण्याला. तिथं डॉक्टरीणबाईंनी मोजा कात्रीनं कापला. डाव्या पायाच्या घोट्याच्या आतल्या बाजूला जे होतं ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. गाडीचा कानाकोपरा मला पाठ होता, आणि माझ्या नवऱ्याचा पाय मी एका परक्या बाईच्या हातात बघितला. 

"शुगर कधीपासून आहे?" बाईंनी विचारलं.

तुम्ही छताकडं बघत हळूच म्हणालात, "कंपनीच्या तपासनीत निगाली हुती." कधी, ते नाही सांगितलंत. गोळ्या? नाही. घरी सांगितलं? नाही. का, तर कंत्राटी माणूस आजारी आहे म्हटल्यावर पुढचं कंत्राट त्याला मिळत नाही. ते मला कळतं. पण कंपनीला सांगायचं नव्हतं ना, मला सांगायला काय झालं होतं? मी काय कंपनी होते?

"हे लागलं कशानं?" बाई म्हणाल्या. "बांधावर दगूड लागला," तुम्ही म्हणालात. त्या म्हणाल्या, शुगरमुळं पायाची संवेदना कमी होते, लागलेलं कळत नाही. त्या गेल्यावर मी परत विचारलं, "खरं सांगा, कशानं लागलं?" तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "आता काय करायचंय ते." आणि मग, घरी असल्यासारखं, "गाडी आत घे. पाऊस येतुया."

हे तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. नंतर आत नेलं, नळ्या लावल्या, रक्तात विष पसरलं म्हणाले. मी बाहेर बाकड्यावर बसून विचार करत होते की तुम्ही शुद्धीवर आलात की तुमच्या थोबाडीत द्यायची. खरंच द्यायची, सगळ्यांसमोर. त्याची संधी तुम्ही दिली नाहीत.

परत आल्यावर गाडीवर ताडपत्री घातलेली होती. भावजींनी चारी बाजूंनी दोरी बांधली होती. तेराव्यानंतर तुमच्याच सुपरवायझरनं मला पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला घेतलं. पहिली शिफ्ट. आपल्या फाट्यावर येणारी बस मला वेळेत पोचवत नाही. दोनदा उशीर झाला, त्यानंतर गेटवरूनच परत पाठवलं आणि सांगितलं, पुन्हा असं झालं तर येऊ नका. आपली साक्षी आठवीत आहे. तुमच्या आईच्या गुडघ्यांचं औषध आहे. ही नोकरी गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या खाचरात वाकायचं. म्हणून मी म्हटलं, उद्यापासून मी गाडी नेणार.

भावजी चिडले. "वहिनी, दादाची गाडी हाय ती. त्येच्या हातची जशी हाय तशी ऱ्हाऊ द्या. तुमाला बसनं जाता येतंय की."

"बसनं तुमी जा. आन् गेटवर माज्यावतीनं हुबं बी ऱ्हावा."

"लोकं काय म्हनतील? अजून मासिक घालायचंय त्येचं."

तुमच्या आई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. जिवंत होतात तोवर ती गाडी होती, ओझी वाहायची, पेंढ्याचे भारे आणायची. मेल्यावर तिचा देव झाला. देव झाल्यावर त्याच्या अंगाला कोण हात लावणार? मी लावला. रविवारी सकाळी दोऱ्या सोडल्या, ताडपत्री ओढून काढली आणि गाडीवर बसले, स्टँडवरून काढायला.

डावा पाय गिअरवर ठेवला. माझा पाय लहान, म्हणून तुमचा जिथं येत असेल तिथवर मागं सरकवला. सवयीनं गिअर वर उचलला. त्या तारेनं बांधलेल्या कव्हराची तुटकी कड माझ्या घोट्याला आतून टोचली. मी खाली दाबला, परत टोचली. पुन्हा वर, पुन्हा तिथंच. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं होतं अगदी त्या जागी. 

बांधावर दगूड लागला म्हणे!

वाडीपासून पिरंगुटपर्यंत चढ, उतार, गतिरोधक, डंपरच्या मागं रांगणं. माणूस किती वेळा गिअर बदलतो? सगळ्या श्रावण-भाद्रपदात, बूट भिजू नयेत म्हणून पिशवीत ठेवून, उघड्या पायात चप्पल घालून, जाताना आणि येताना. ती कड रोज थोडं थोडं घासत होती. मला एवढं एक सांगा. तुम्हाला कळत नव्हतं, का कळत होतं आणि तुम्ही भाऊबीज होईपर्यंत थांबला होतात? पहिलं असेल तर मी शुगरला शिव्या देईन. दुसरं असेल तर तुम्हाला. मला कुणाला शिव्या द्यायच्या तेही तुम्ही ठरवून गेला नाहीत, आणि मी रोज दोघांनाही देते.

मी खाली उतरले, पकड घेतली आणि तार तोडली. बोल्ट गंजले होते, पान्याला दाद देत नव्हते. भावजी ओसरीवरून ओरडत होते, मी ऐकत नव्हते. शेवटचा बोल्ट सुटला तसं कव्हर चिखलाच्या ढेपेसकट खाली आदळलं. आत तळाला काळं तेल साचलेलं होतं. गळतच होतं, किती दिवसांपासून कोण जाणे. मी म्हणत होते! मी मान वळवली सुद्धा, "बघा, म्हनत हुते का न्हाई" असं म्हणायला. तिथं भावजी उभे होते, कमरेवर हात ठेवून. इतक्या वर्षांत एकदा मी पुराव्यासकट जिंकले, आणि ते ऐकायला तुम्ही नाही. मग मात्र मी रडले. तेराव्यापर्यंतचं सगळं मिळून झालं नसेल इतकं, तिथं चिखलात बसून.

गॅरेजवाल्यानं गळती बंद करून दिली. आता मी रोज वेळेत पोचते. इंजिन उघडं आहे. खडी उडाली की खाली टणकन आवाज होतो आणि मी थांबून वाकून बघते, हे तुमचंही बरोबर होतं म्हणा. फाट्यावरून जाताना तुमच्या फ्लेक्सकडं मी बघत नाही. पारावरचे बघतात, आधी माझ्याकडं आणि मग गाडीच्या खाली.

कव्हर मी उकिरड्यावर टाकायला निघाले होते. तुमच्या आईंनी ओसरीवरून हाक मारली. "टाकू नगंस. त्येच्या जिवाची वस्तू हाय ती." त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पदरानं पुसलं आणि आत तुमच्या फोटोखाली फळीवर ठेवलं. रोज सकाळी फोटोला फूल वाहतात, एक त्यालाही वाहतात.

मी त्यांना काय सांगू? ह्याच कडेनं तुमचा पाय घासला हे सांगितलं तर त्या विचारणार, मोडल्यावर त्यानं काढलं का नाही. मग नेरे निघणार, भाऊबीज निघणार, महेशची ती थट्टा निघणार. तुमच्या तेराव्याला महेश सगळ्यांत मोठ्यानं रडत होता, त्याला यातलं काही आठवतही नसेल. माझ्या माहेरापायी तिचा पोरगा गेला असं त्या म्हातारीनं उरलेलं आयुष्य म्हणत बसायचं, का फूल वाहत बसायचं? मी गप्प आहे. गप्प बसण्याची मला किती चीड आहे, ते तुम्हाला माहीत आहे.

काल कामावरून आले तर त्या फळीपुढं बसल्या होत्या. जुन्या लुगड्याची पट्टी फाडून कव्हराच्या त्या मोडक्या कडेला गुंडाळत होत्या. 

"ह्ये काय करताय, आई?"

"धार हाय गं हिला," त्या म्हणाल्या. "फुलं वाहताना साक्षीच्या हाताला लागंल."

त्यांच्या बोटांनी गाठ बसत नव्हती. मी पिशवी खाली ठेवली आणि गाठ बसेपर्यंत दुसऱ्या बाजूनं कव्हर धरून ठेवलं.